वाळवंट, मागच्या शीटवरून

सोयाबीन निघालं की मला अण्णांचा राग येतो.

हसू नका. दसरा सरला की हदगावच्या रानारानातून मळणीयंत्रं घरघरायला लागतात. भुसकट गावभर उडतं, अंगाला खाज सुटते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळट थर बसतो. आणि नेमका त्याच दिवसांत माझ्या पोटातला तो जुना राग वर यायला लागतो. या हवेत कुणाला सर्दी होते, कुणाला दमा लागतो, मला अण्णा होतात. यंदाही झाले. खरं तर व्हायला नको होते, कारण गेल्या दिवाळीत मी माझं उट्टं काढलं आहे. चांगलं घसघशीत काढलं आहे. पण राग फार वर्षं घरात ठेवला की तो घरचाच होऊन बसतो, जा म्हटलं तरी जात नाही.

अण्णा माझे थोरले दीर. घराचे कर्ते. आवाज मोठा, मनही मोठं, असं गाव म्हणतं. गावाला म्हणायला काय जातं? गाव कधी त्यांच्या गाडीत मागच्या शीटवर बसलेलं नाही. मी बसले आहे. हदगावपासून जैसलमेरपर्यंत, आणि जैसलमेरपासून हदगावपर्यंत.

मी भूगोलाची बाई. सगळी नोकरी हदगावातच एका शाळेत गेली. थरचं वाळवंट मी फळ्यावर पिवळ्या खडूनं इतक्यांदा काढलं की घरी गेल्यावर भाकरीच्या पिठातसुद्धा मला बारखाण दिसायचे. बारखाण म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. अरवली पर्वत वाऱ्याला समांतर पसरलाय, म्हणून पाऊस अडत नाही, म्हणून पलीकडं वाळवंट, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. पण मी स्वतः काय पाहिलं होतं? माहेरी नायगावला जातानाची काळी रानं, आणि लातूरला उत्तरपत्रिका तपासायला जाताना एसटीच्या खिडकीतून लोह्याच्या पुढं दिसणारे बालाघाटाचे डोंगर. तेही चांगलेच आहेत. उन्हाळ्यात ते तपकिरी होतात, श्रावणात हिरवे, आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत मधल्याच कुठल्या तरी रंगाचे, त्याला नाव नाही. पण ज्याच्यावर मी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले, ते वाळवंट एकदा समोरून येताना बघावं, एवढी एकच हौस होती मला. दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. रस्ता मागितला होता.

त्या वर्षी अण्णांच्या लेकीचं लग्न झालं होतं आणि तिची पहिली दिवाळी आली होती. आमच्याकडं दिवाळसण म्हणजे जावयाचं राज्य. पाटाभोवती रांगोळी, अंगाला उटणं, ताटात त्याला आवडेल ते, आणि जाईल तिथं पहिला मान त्याचा. जावई लातूरचा. अण्णांना काहीतरी जगावेगळं करायचं होतं. दारात नवी सात जणांची गाडी उभी होती. ओसरीवर मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "यंदाचा दिवाळसण वाळवंटात! जावईबापूला उंट दाखवून आणू."

मी चहा घेऊन बाहेर येत होते. ट्रे तिथंच खाली ठेवला. म्हटलं, "अण्णा, रस्ता मी काढून देऊ?"

"काढा की. घरात मास्तरीणबाई असताना म्या काहून दुसऱ्याला इचारू?"

शाळेतला भिंतीवरचा नकाशा मी घरी आणला. जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. इंदूर, उदयपूर, मग राणकपूरचा घाट उतरून जोधपूर, पोखरण, जैसलमेर. येताना अबूचा डोंगर. कुठला घाट सकाळी घ्यायचा म्हणजे दरीत उजेड असेल, कुठं ऊन डोळ्यावर येणार नाही, कुठं थांबलं तर अरवलीची धार आडवी दिसेल, सगळं बघून ठेवलं. मनातल्या मनात तो रस्ता मी दहादा जाऊन आले. प्रत्येक वेळी मी पुढच्या काचेशी बसलेली असायचे. मनात बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

निघायच्या सकाळी गल्ली निरोपाला जमली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं गेली. अण्णा चालवायला बसले. शेजारी जावई, तो दिवाळसणाचा मान. मधल्या शीटवर अण्णांच्या पाठीमागं अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई; अण्णासुद्धा त्यांना अक्काच म्हणतात. त्यांच्या शेजारी माहेरवाशीण लेक, कडेला आमचे हे. मी उभीच. मग अण्णा उतरून आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. मागं समोरासमोर दोन आडव्या शीटा होत्या. एकीवर गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन, फराळाचे डबे, ज्वारीच्या पिठाची पिशवी, पोळपाट, तवा. दुसरी माझी.

"तुम्ही बारीक हायत, मास्तरीणबाई. आरामात मावता."

मी यांच्याकडं पाहिलं. हे रुमालानं खिडकीची काच पुसायला लागले, तीही आतून. बायकोची नजर चुकवायला नवऱ्यांना काय काय कामं सुचतात! अक्का मागं वळून म्हणाल्या, "बस गं बाई. कुठंबी बसलं तरी गाव एकच येतं." मला त्यांचाही राग आला. मधल्या शीटवर बसून सांगणं फार सोपं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मागच्या शीटवरून जग कसं दिसतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. पुढं बसणाऱ्याकडं रस्ता चालून येतो. माझ्याकडून तो निघून जात होता. पूल ओलांडून झाल्यावर मला नदी दिसायची. गाव सरल्यावर वेस दिसायची. रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी लावलेल्या, त्याच मला वाचता यायच्या, म्हणून आम्ही जी गावं सोडून आलो त्यांचीच नावं मी वाचत गेले. उदयपूरला निघाले तर इंदूर वाचलं. जोधपूरला निघाले तर उदयपूर वाचलं. पुढं "अरे वा! बघा बघा!" असा गलका उठायचा, आणि मी मान वेळावून बघेपर्यंत मागच्या काचेत नुसती धूळ. "काय होतं?" विचारलं की अण्णा म्हणायचे, "गेलं आता. फोटोत बघा."

आणि पुढच्या शीटवर जावई काय करत होते? झोपले होते. देवाशप्पथ. इंदूरच्या अलीकडं जी मान कलंडली ती जेवायलाच सरळ व्हायची. समोरच्या मोठ्या काचेतून अख्खा अरवली त्यांच्या अंगावर चालून येत होता आणि ते तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांना जागं करायची कुणाची छाती? दिवाळसण होता ना! मान त्यांचा आणि भूक माझी, अशी गत.

राणकपूरच्या घाटात माझं व्हायचं तेच झालं. आडव्या शीटवर बसून वळणं घेतल्यावर आतडी जागेवर राहत नाहीत. दोनदा सांगितलं, थांबवा. थांबवली, पण उशिरा. रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून मी उलट्या काढत होते, आणि खाली ती दरी, जी नेमकी त्या वेळी उजेडात असावी म्हणून मीच वेळ धरून आखली होती, ती माझ्या पाठीमागं पसरली होती. अण्णा गाडीला टेकून हसत म्हणाले, "भूगोलाच्या बाईला भूगोल बाधला की हो!" सगळे हसले. जावईसुद्धा जागे होऊन हसले. मी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं, आणि मनात म्हटलं, अण्णा, याच घाटात, अशाच आडव्या शीटवर एक दिवस तुम्हाला नाही बसवलं तर नावाची नाही. शाप देताना आवाज चढवावा लागत नाही.

जैसलमेरच्या पुढं समच्या टेकड्या. तिथं मावळतीला वाळूचा रंग बदलतो, ते बघायला तर लोक लांबलांबून येतात. पोचायला आणि ऊन उतरायला एकच गाठ पडली. एवढ्यात जावयांना पिठलं-भाकरी आठवली. बाहेरचं खाऊन तोंड आंबलं म्हणे. अण्णा म्हणाले, "अक्का, मास्तरीणबाई, तुम्ही तेवढं करून घ्या, आम्ही आलोच." आणि ते सगळे टेकडीवर गेले. अक्कांनी गाडीच्या आडोशाला शेगडी पेटवली, मी भाकऱ्या थापल्या. वाऱ्यानं पिठात वाळू येत होती. टेकडीमागं आभाळ तांबडं झालं, मग जांभळं झालं, ते मला गाडीच्या पत्र्यावर थोडंसं दिसलं.   पिठलं मात्र झकास झालं होतं, असं सगळ्यांनी सांगितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण अण्णांनी ते वाळवंट हदगावात आणून ठेवलं. चौकात, हॉटेलात, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला, जिथं चार माणसं तिथं समचा सूर्यास्त. "काय सांगू राजेहो, वाळू निस्ती सोन्यावानी! रस्ता सगळा म्या शोधला बरं का. म्याप बघून." आणि वर तो भूगोल बाधल्याचा किस्सा, दर वेळी नवीन मसाला घालून. मी हजर असले तर माझ्याकडं बोट दाखवून.

मग एका वर्षी आमच्याच शाळेनं त्यांना बोलावलं, मुलांना वाळवंटाचा प्रवास सांगायला. आभार मानायचं काम माझ्याकडं. अण्णा माईकवर म्हणाले, "अरवली म्हणजे हिमालयाचीच शेपटी हाय, पोरांनो." वर्गातल्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. आदल्याच आठवड्यात मी त्यांना शिकवलं होतं की अरवली हिमालयापेक्षा कितीतरी जुना. थोरल्या दिरांना गावासमोर खोटं कसं पाडायचं? मी गुलाबाचं फूल दिलं आणि म्हटलं, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे अनुभव ऐकायला मिळाले, हे आपलं भाग्य. म्हणताना जीभ तडकून पडेल असं वाटलं. घरी जाताना स्टँडवर नांदेडची बस लागली होती. त्याच बसनं मी दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला गेले.

नांदेडचे शिकवणारे उस्ताद पिकलेल्या दाढीचे, तोंडात विडा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, क्लच आहिस्ता सोडा. कुणावर एवढा गुस्सा हाय?" मी सांगितलं, दिरावर. ते म्हणाले, "मग शिकताल. नाराज माणूस लवकर शिकते." शिकले. हिमायतनगरच्या रस्त्यावर सराव केला. त्या दिवसांत अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत पसरलेलं असतं, उरलेल्या अर्ध्यातून बैलगाडी, ट्रॅक्टर, शेळ्या आणि मी. ज्यानं सुगीत आमच्या रस्त्यावर गाडी चालवली त्याला कुठल्याही घाटाची भीती नाही. मग लोहा, अहमदपूर करत एकटी लातूरला गेले. बालाघाट पहिल्यांदा समोरून येताना पाहिला. एवढासा डोंगर, पण अंगावर काटा आला. लातुरात जावयांच्या दारात गाडी लावली, ते बाहेर येऊन बघतच राहिले. "काकू, तुम्ही एकट्या?" त्या माणसाला मी पहिल्यांदा पूर्ण जागं पाहिलं.

निवृत्त झाल्यावर स्वतःची गाडी घेतली, जुनीच. गॅरेजवाला म्हणाला, बाई, याच्यापेक्षा चांगली देतो, हिच्या मागच्या शीटा आडव्या आहेत, आता असल्या कुणी घेत नाही. मी म्हटलं, मला हीच पाहिजे.

मधल्या काळात अण्णांची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, त्यांची गाडी विकली गेली. गेल्या वर्षी सोयाबीन घरात आलं, भुसकट खाली बसलं, आणि एका सकाळी अण्णा काठी टेकत माझ्या ओसरीवर आले. "मास्तरीणबाई, एकदा जैसलमेर दाखवून आणा ना. नजर हाय तंवर."

दया यायला हवी होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "जाऊ की अण्णा," मी म्हटलं, "रस्ता तर तुमचाच आहे."

निघायच्या सकाळी पुन्हा गल्ली जमली. अण्णा सवयीनं पुढच्या दाराशी गेले, कडीवर हात ठेवला.

"अण्णा, मागं."

"मागं?"

"पुढं अक्का बसतील. गुडघे वाकत नाहीत त्यांचे."

"मग मधी बसतो."

"मधे हे आडवे पडणार. मणका." यांचा मणका दुखत होता हे खरं. आडवं पडण्याइतका दुखतो, हे मी ठरवलं होतं. हे मुकाट आडवे झाले. काच पुसायची संधी या वेळी मी ठेवलीच नव्हती. मी मागचं दार उघडलं. एका शीटवर शेगडी आणि डबे होते. अण्णांनी आधी त्या शीटकडं, मग गल्लीकडं, मग माझ्याकडं पाहिलं. गावासमोर नाही म्हणता येईना. मलाही एकदा आलं नव्हतं. ते चढले.

आणि मग रस्ता माझ्याकडं आला. काय सांगू! इंदूरच्या पुढं जमीन काळीची तांबूस होत गेली ते मी होताना पाहिलं. उदयपूरच्या अलीकडं अरवली आधी धुरकट रेघ होता, मग निळा, मग करडा, मग त्याच्या उघड्या शिळा, त्यावरची खुरटी झाडं. राणकपूरच्या घाटात सकाळचं कोवळं ऊन दरीत उतरलेलं, अगदी मी आखलं होतं तसं. एका वळणावर मी नुसती "आई गं" म्हणाले. अक्का काचेला नाक लावून बसल्या होत्या. मागून ओकारीचा आवाज आला.

मी गाडी थांबवली, पण उशिरा. अण्णा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "काय अण्णा, भूगोल बाधला का?" त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांना कळलं. सगळं कळलं, शीट का आडवी, मणका का आडवा. मला एवढा आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आजही वाटत नाही.

त्यानंतर अण्णा बोलायचे बंद झाले. जोधपूर गेलं, पोखरण गेलं. खेजडीची झाडं विरळ होत गेली, पवनचक्क्या आल्या, रस्ता दोरी ओढल्यासारखा सरळ झाला. दोन्ही बाजूंना वाळू डांबरावर चढायला बघत होती. जैसलमेर सोडून समच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पहिली टेकडी समोर दिसली. बारखाण. वाऱ्याकडची बाजू उतरती, आडोशाची बाजू उभी, दोन शिंगं वारा जातो त्या दिशेला. फळ्यावर मी ती इतकी वर्षं बरोबरच काढत होते. डोळे भरून आले, रस्ता पुसट झाला, मी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मास्तरीणबाई, थांबवा जरा. मला पुढं बसू द्या. इथून काहीच दिसून नाही राहिलं."

हेच वाक्य ऐकायला मी गाडी शिकले होते. भरून पावले. आणि लगेच तो आवाज मला म्हातारा वाटला. पोट भरलेल्या माणसाला दया सुचते. झालं आता, म्हटलं, बसू दे बिचाऱ्याला, सूर्य बघू दे. माझा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नको," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. "अक्का, अण्णा म्हणून राहिले..."

"ऐकलं म्या. बहिरी न्हाई झाले." त्यांनी मान वळवली नाही. समोर रस्त्याकडंच बघत बोलत होत्या, आवाज अगदी रोजचा. "बैलगाडी होती तवा ह्यांच्या मागं बसले. सायकल घेतली, मागं क्यारिअरवर. फटफटी आली, मागं. चारचाकी आली तरी ह्यांच्याच मागं. त्या टायमाला तू मागं बसून फणफणून राहिलीस, मला कळत व्हतं. पर तुला काच तरी व्हती बाई. मला रस्ता म्हंजे ह्यांची मान. मानंवरचा तीळ, मानंवरचा घाम, कॉलरचा मळ. घरी येऊन तोच मळ धुवायचा. लग्न झाल्यापासून म्या दुसरं काही पाहिलंच न्हाई."

 मधल्या शीटवर हे झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

"किती लांब हाय अजून रस्ता?" अक्कांनी विचारलं.

"पार सरहद्दीपर्यंत जातो म्हणतात."

"मंग चालू दे."

मी ब्रेकवरचा पाय काढला. टेकड्या जवळ आल्या, उजवीकडून गेल्या, पुढं आणखी दिसायला लागल्या. मागून अण्णांनी काठी पत्र्यावर आपटली. "अगं ए! सांग की तिला!" मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, "अक्का?" आयुष्यात पहिल्यांदा ते अक्कांना मागून हाक मारत होते. आम्हा दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.